दुसऱ्या तुकडीतली विद्यार्थिनी

पणसरांची आई वारली. हे एकदाचं सांगून टाकलं. आता ते आपण सगळ्यांनी विसरायचं आहे, कारण आतल्या खोलीत बाबा बसले आहेत आणि त्यांचं डोकं कितीही दगा देत असलं तरी कान अजून शाबूत आहेत.

तर, आई वारलेली नव्हती. आई बाजारात गेली होती.

"एवढा वेळ?" बाबा खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाले. "काही आणायला गेलीय की बाजार भरवायला?"

"येईल हो," पणसर म्हणाले. त्यांच्या मांडीवर तपासायचे पेपर होते आणि एकाच पेपरवर त्यांची लाल पेन्सिल बराच वेळ झोपली होती.

"अंधार पडला."

"येईल."

"बाजार बंद झाला असेल."

हा मुद्दा बिनतोड होता. मुद्दा बिनतोड कधी होतो हे पणसरांना कळायचं, कारण ते माध्यमिक शाळेत 'धर्मविचार आणि नीती' हा विषय शिकवत. मुलांनी कुठलंही उत्तर दिलं की ते चष्मा पुसत आणि म्हणत, "बरोबर. पण..." म्हणून मुलं त्यांना पणसर म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला त्या 'पण'च्या पुढे बरंच काही असायचं. हल्ली नुसताच 'पण' असायचा आणि मग घंटा व्हायची.

आता कोणी म्हणेल, नीती शिकवणाऱ्या माणसाने बापाशी खोटं बोलावं का? तर पणसरांनी आधी खरं बोलून पाहिलं होतं. "बाबा, आई गेली," ते म्हणाले होते. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं, कारण त्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच होतं. भिंत धरून खाली बसले. दिवसभर काही खाल्लं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारलं, "ही कुठाय?" त्या आठवड्यात आई रोज वारली. रविवारी दोनदा. सोमवारी पणसरांनी ठरवलं की आता पुरे. एका माणसाने किती वेळा मरायचं याला काही मर्यादा असावी.

मग भिंतीवरचा फोटो कपाटात गेला. बाबांसोबत दिवसभर बसणाऱ्या शेजारच्या काकू दारात उभ्या राहून भेटायला येणाऱ्यांना बजावू लागल्या, "आत हवापाण्याचंच बोला हं." लोक पडलेले चेहरे घेऊन येत आणि उकाड्याबद्दल बोलून जात. आईच्या एका मैत्रिणीला ते जमेना. उकाड्याचं बोलता बोलता तिला रडू फुटलं. काकू घाईघाईने म्हणाल्या, "डोळे आलेत त्यांचे!" बाबांनी लगेच खिशातून स्वतःची डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली, त्या बाईंची मान मागे केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. कोणाचंही दुखणं अर्धवट सोडणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. त्यानंतर भेटायला येणारे कमी झाले.

राहिले पणसर. लग्नाचं त्यांचं राहूनच गेलेलं, त्यामुळे ज्याच्यापुढे रडावं असंही कोणी नव्हतं. घरात आई जिवंत होती आणि शाळेत रडायला तास मोकळा नव्हता.

"मग गेलीय कुठे?" बाबा आता खुर्चीतून वळले होते.

मेल्यावर माणूस कुठे जातो यावर पणसर दरवर्षी एक अख्खं प्रकरण शिकवत. त्यात पाच मतं होती. प्रत्येक मताला आक्षेप होते आणि आक्षेपांना उत्तरं होती. त्यातलं एकही बाबांना चहाच्या कपाबरोबर हातात देण्यासारखं नव्हतं. दिवसभर जे नाव तोंडात असतं तेच तोंडातून निसटलं.

"शाळेत."

"या वयात?"

"राहिलं होतं ना तिचं शिकायचं."

हे मात्र खरं होतं. लहानपणी शाळा सुटली ती सुटलीच, असं आई नेहमी म्हणायची.

"मला विचारलं नाही तिनं."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"असतो," बाबांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "कोणाच्या वर्गात आहे?"

"माझ्याच."

"अरे देवा. गुंडाळून ठेवेल ती तुला."

आश्चर्य म्हणजे हे बाबांच्या लक्षात राहिलं. मरण रोज पुसलं जायचं आणि शाळा मात्र टिकली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. डॉक्टरांचं ते आवडतं वाक्य होतं.

मग रोज संध्याकाळी पणसरांना हजेरी द्यावी लागे. आज काय शिकवलंस? तिनं हात वर केला का? शेजारी कोण बसतं? पणसर बूट काढता काढता उत्तरं देत. आधी ती उत्तरं नुसती वेळ मारून नेणारी होती. पण आई एकदा वर्गात बसली म्हटल्यावर गप्प थोडीच बसणार? घरी येताना रस्त्यावरच पणसरांना तिचा आवाज ऐकू यायला लागला. "देव सगळं बघत असतो म्हणतोस, तर त्याला कंटाळा नाही का येत रे? मला तर दूध उतू जातंय का बघायचासुद्धा यायचा." पणसर भर रस्त्यात थांबले. इतक्या वर्षांत हा आक्षेप कोणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वर्गात सांगितला. "दुसऱ्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय," ते म्हणाले. वर्ग खूश झाला. त्या मुलीचे पुढे आणखीही प्रश्न आले, आणि सगळे दुधाचे, कपड्यांचे नाहीतर उशिरा घरी येणाऱ्या माणसांचे असत.

सत्याचा धडा आला तेव्हा पणसरांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. एका माणसाची आई वारली आहे. वडिलांना विसरण्याचा आजार आहे. तो वडिलांना रोज सांगतो, आई येतेच आहे. हे योग्य की अयोग्य?

पहिल्या बाकावरची वकील उभी राहिली. ही मुलगी कुठल्याही गोष्टीवर वाद घालायची म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. "अयोग्य. खोटं ते खोटं."

"बरोबर. पण खरं ऐकून वडिलांना रोज नव्यानं दुःख होत असेल तर?"

"सर, विसरणारच असतील तर खरं काय नि खोटं काय, सारखंच की," मागच्या बाकावरून झोप्या म्हणाला. तो जागा आहे याचंच वर्गाला हसू आलं.

"वडील विसरतात," वकील मागे वळून म्हणाली, "पण तो माणूस नाही ना विसरत? तो रोज खोटं बोलतोय म्हणजे रोज त्याला आठवतंय. मग त्यानं रडायचं कधी, सर?"

पणसरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "बरोबर," ते म्हणाले. "पण..."

घंटा झाली नाही. सगळा वर्ग वाट बघत राहिला.

"त्या दुसऱ्या तुकडीतल्या मुलीला विचारलंत का हे?" वकील म्हणाली. आणि मग जरा हळू आवाजात, "सर, आपल्या इयत्तेला दुसरी तुकडी कुठाय?"

तेव्हा घंटा झाली. देव आहे याचा पुरावा म्हणून पणसर कधी कधी त्या घंटेचं नाव घेत.

चूक झाली ती थकव्यामुळे. "शनिवारी उशीर होईल, पालकसभा आहे," ते घरी बोलून गेले.

"मग मला यायला हवं," बाबा म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"तिचं दुसरं कोण आहे?"

पणसरांनी विचार केला, विसरतील. आजवर त्या आजाराने त्यांचं कधी काही भलं केलं नव्हतं. निदान एवढं तरी करेल.

शनिवारी ते वर्गात झोप्याच्या वडिलांशी बोलत होते. ते गृहस्थही मधूनमधून डुलक्या घेत होते, म्हणजे संस्काराचा प्रश्न निकालात निघाला होता. इतक्यात व्हरांड्यातून ओळखीचा आवाज आला.

"नमस्कार. मी पालक."

इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात छत्री. मागे काकू. "सकाळपासून बूट घालून बसलेत," त्या कोणाला तरी कुजबुजत सांगत होत्या. "मी काय दार धरून ठेवू?"

"या ना. कोणाचे पालक आपण?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माझ्या बायकोचा."

"सरांचे वडील," काकूंनी मदत केली, आणि लगेच आपण काय केलं ते कळून त्यांनी पदर तोंडाला लावला. कारण मुख्याध्यापिकांना आईचं माहीत होतं. रजेच्या अर्जावर त्यांचीच सही होती. त्यांचा चेहरा पडला. पणसर उठले, पण दार दूर होतं आणि मध्ये सगळे बाक.

"अरेरे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमच्या मिसेसचं फार वाईट..."

"काय वाईट?" बाबा म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले.

"अक्षर, आजोबा," एक आवाज आला. पालकांना वर्ग दाखवायला त्या दिवशी वकील होती. छातीवर तसा बिल्ला होता. "त्यांचं अक्षर फार वाईट आहे, असं म्हणतायत मॅडम. दुसरी तुकडी ना? माझ्याच बाकावर बसतात त्या. या, दाखवते."

"हां, ते खरंय," बाबांचा चेहरा उजळला. "तिनं लिहिलेली सामानाची यादी दुकानदारालासुद्धा लागायची नाही."

त्या मुलीनं बाबांना पहिल्या बाकावर आणून बसवलं आणि झोप्याच्या वडिलांना खांद्याला धरून बाहेर नेलं. जाताना पणसरांजवळ क्षणभर थांबली. "सर, मी खोटं बोलले. मार्क कापा."

"बरोबर," पणसर म्हणाले. "पण..."

ती मान हलवून निघून गेली, जणू काही उत्तर पुरं झालं होतं.

बाबांनी बाकावरून हात फिरवला. मग दोन्ही हात जोडले. बाबा जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्जांच्या खिडकीमागे बसले होते, आणि कामाच्या जागी नातं काढायचं नाही हा त्यांचा नियम होता. "नमस्कार सर. आमची मंडळी अभ्यासात कशी आहे?"

"हुशार आहे," पणसर म्हणाले. "प्रश्न चांगले विचारते."

"बडबड?"

"करते."

"करणारच. बाकी काही तक्रार?"

"तक्रार नाही. पण..."

"पण काय?"

पणसरांनी चष्मा काढला, आणि पुसायचं राहून गेलं. "पण हल्ली वर्गात नसते. नाव घेतलं की उत्तर येत नाही. तिची जागा रिकामी दिसते. वर्ग सुटल्यावर, रस्त्यात, घरी गेल्यावरसुद्धा तिची जागाच दिसत राहते. मी रोज सांगतो की ती आहे. आणि ती नाही."

बाबा पुढे वाकून त्यांच्याकडे बघत राहिले, खिडकीतून अर्जदाराकडे बघावं तसे.

"सर," ते म्हणाले, "डोळे आलेत तुमचे."

"हो," पणसर म्हणाले.

"मान मागे करा."

पणसरांनी मान मागे केली. छताचा पंखा, त्यामागे ओल आलेला एक पट्टा. बाबांचा हात कपाळावर आला, मग थेंब पडले, आणि ते कानांकडे वाहून गेले. मग आणखी पुष्कळ वाहिलं. दारात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती, ती थबकली आणि परत फिरली. बाबांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"फार वाहते ही बाटली," ते म्हणाले. "राहू दे तशीच मान. घाई नाही."

घाई कोणालाच नव्हती. बऱ्याच वेळाने पणसरांनी चष्मा लावला तेव्हा बाबांनी खिशातून पेन काढलं होतं आणि ते कागद मागत होते. वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज घेतल्यामुळे बाबांना अर्ज कसा असावा हे पक्कं ठाऊक होतं. थोडक्यात लिहायचं, कोणावर आरोप करायचा नाही, आणि मागणं शेवटी ठेवायचं. त्यांचं अक्षर अजून छापल्यासारखं होतं. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा मनाशी वाचलं, कागद पणसरांपुढे सरकवला आणि विचारलं, "मंजूर करायचा अधिकार तुम्हालाच आहे ना?"

"नाही," पणसर म्हणाले. "मला फक्त स्वीकारायचा आहे."

"मलाही तेवढाच होता," बाबा म्हणाले.

प्रति,
वर्गशिक्षक, दुसरी तुकडी.

विषय : विद्यार्थिनीस लवकर घरी सोडण्याबाबत.

महोदय,

आपल्या वर्गातील विद्यार्थिनी ही अर्जदाराची पत्नी असून, अंधार पडला तरी ती घरी पोहोचत नाही. तिच्या शिक्षणास अर्जदाराची हरकत नाही. पूर्वी होती, ती मागे घेण्यात येत आहे. अक्षर अर्जदार घरी गिरवून घेईल. गैरहजेरीबद्दल तिला रागावू नये, कारण ती मुद्दाम करणारी नाही. तरी तिला आज, आज शक्य नसल्यास उद्या, दिवस मावळण्यापूर्वी घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.