खबरदारीची गोळी

गोळीच्या मधोमध एक खाच होती, नखाने चाचपली तरच कळेल एवढी बारीक, आणि पिशवीत हात घालून ती मघापासून त्या खाचेवरून नख फिरवत होती – पांढरी, लांबट, वेष्टणातून सुटलेली गोळी, कडेने थोडी झिजलेली. समोर पलंगावर ताई श्वास घेत होती. घेत होती म्हणजे ओढत होती. मिनिटाला चौतीस, असं मघाशी नर्सने कागदावर लिहिलं होतं. नाकातोंडावर मास्क, मास्कच्या पट्टीशेजारी दबून वर आलेला गोल गरगरीत गाल, आणि डोळे मिटलेले. ताईचे डोळे मिटलेले असले की ती झोपलीच असेल असं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

अशा आणखी सतरा गोळ्या घरी शिवणाच्या डब्यात होत्या, रिळांच्या खाली. आठ महिन्यांपूर्वी ताईचं शरीर ताईवरच उलटलं, रक्तवाहिन्यांना सूज आली, आणि मग स्टेरॉइड सुरू झालं – शरीराची लढायची ताकदच मारून टाकायची, म्हणजे ते स्वतःशी तरी लढणार नाही. ताकद मारली की एक बुरशी फुप्फुसात शिरायला टपलेली असते, म्हणून ही गोळी, सोमवार, बुधवार, शुक्रवार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ही आजारावरची नाही, खबरदारीची आहे. फक्त खबरदारीची... की ‘फक्त’ त्या म्हणाल्याच नव्हत्या? तो शब्द मीच घातला का? सहा आठवडे तिने तो इतक्या वेळा मनात म्हटला होता की आता तो डॉक्टरीणबाईंच्याच आवाजात ऐकू येत होता.

आवाज म्हटलं की ताईचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ताई सुपरवायझर होती, चाळीस मुली हाताखाली, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. धाकटीला ती ‘शेपूट’ म्हणायची – सगळीकडे मागे मागे येते म्हणून, पण ते पाचव्या वर्षी. छप्पन्नाव्या वर्षीही म्हणायची. सहा आठवड्यांपूर्वी ताईच्या एक्स्चेंजमधल्या दोन जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या, चहा झाला होता, आणि त्यातली एक सहज म्हणाली, “किती करते गं तुझं तुझी बहीण!” त्यावर ताई उशीला टेकून म्हणाली, “करेल नाही तर काय? तिला दुसरं कोण विचारतंय? शेपटाला स्वतःचं अंग नसलं की ते आणखी कुठे हलणार?” सगळ्या हसल्या. तीही हसली. हसत हसतच कप उचलून आत गेली, आणि कप विसळताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोय.

त्याच संध्याकाळी तिने आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरला. सात खण, प्रत्येकाला झाकण. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. तीस वर्षांत तिच्या हातून सैल बटणाचा एक शर्ट पुढे गेला नव्हता, सुटलेला दोरा तिला पाठमोरीलाही दिसतो असं मुकादम म्हणायचा. त्या हातांनी तिने सोमवारचा खण भरला आणि पांढरी गोळी बाजूला ठेवली. बुधवारची ठेवली, शुक्रवारचीही ठेवली. चुकून नव्हे. चूक असती तर बरं झालं असतं... आणि सोमवारी सकाळी ताईने पाण्याच्या घोटाबरोबर बाकीच्या गोळ्या गिळल्या, तेव्हा तिला जे वाटलं त्याला आनंद म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, पण आनंदच होता तो. ताईला माहीत नाही असं काहीतरी मला माहीत आहे! आयुष्यात पहिल्यांदा. ताईचं काही बिघडावं असं तिच्या मनातही नव्हतं, शपथेवर सांगते मी, मनातही नव्हतं. कारखान्यात बटणं ओढून बघताना मध्येच आज बुधवार आहे असं आठवायचं, आणि हात हलका व्हायचा.

मग कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढताना लागणारी धाप. परवा इथे आणलं, तेव्हा धावपळीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “ती खबरदारीची गोळी चालू आहे ना?” आणि ती म्हणाली, “हो, अगदी नियमित.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तिच्या आवाजात काहीच नव्हतं, घड्याळात किती वाजले सांगावं तसं सांगितलं. त्या एका ‘हो’वर दोन दिवस साध्या न्यूमोनियाची औषधं चालली होती, आणि ताईचा श्वास वीसचा चौतीसवर गेला होता.

आज पहाटे अंघोळ करताना तिने वाक्य तयार केलं होतं. मी ती गोळी देत नव्हते. एवढंच. बसमध्ये ते बारा वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि पुरावा म्हणून एक गोळी पिशवीत टाकली होती, जणू कोणी पुरावा मागणार होतं.

अकराच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरण होतं. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला.

“मला एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही फुप्फुसं धुरकट झालीयत. हे बुरशीचं असावं असं वाटतंय, पण नळी घालून खात्री करण्याएवढा दमच नाही त्यांच्यात. आणि नियमित गोळी घेणाऱ्याला हा आजार सहसा होत नाही, म्हणून मी तिकडे वळले नाही. परत एकदा विचारते. एकही चुकली नव्हती?”

“समजा... चुकली असली तर?”

“तर आत्ताच्या आत्ता उपचार बदलेन. अजून उशीर केला तर जातील त्या.”

वाक्य जिभेवर होतं. मी ती गोळी... तिने तोंड उघडलं, आणि स्वतःचाच आवाज तिला बाहेरून ऐकू आला. “ताईनेच सोडली होती. घशात अडकते म्हणायची. मी कितीदा सांगितलं, पण तिच्यापुढे कुणाचं काही चालतं का?” शेवटचं वाक्य तर खरंच होतं. ते इतकं खरं होतं की त्याच्या आधीचं सगळं त्याच्या अंगाला धरून सरळ उभं राहिलं.

डॉक्टरीणबाई पलंगावर वाकल्या. “काकू, खरं का हे? तुम्ही गोळी घेत नव्हता?”

ताईने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. चाळीस मुलींच्या रांगेत नेमकी कुणी चुकीची तार जोडली हे पाठीमागून ओळखणारी ती नजर... आता सांगेल. मास्क काढेल, आणि दोन शब्दांत... तिने पिशवी छातीशी धरली. ताईने मान हलवली, होकारार्थी. एकदा, आणि डॉक्टरीणबाईंना दिसलं नसेल म्हणून आणखी एकदा.

“असं करतात का काकू? लहान आहात का तुम्ही?” डॉक्टरीणबाई करवादल्या. ताईला कुणी रागावलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ताई मुकाट्याने ऐकून घेत होती.

दाराशी डॉक्टरीणबाईंनी तिला घाईघाईत समजावलं. औषध तेच, त्या गोळीतलंच, फक्त शिरेतून आणि कितीतरी पट. शिवाय स्टेरॉइड वाढवायचं.

“पण स्टेरॉइडनेच तर तिची ही गत झाली ना?”

“हो. पण बुरशी मरायला लागली की त्यानेच फुप्फुसाला आणखी सूज येते, आणि माणूस त्या सुजेनं दगावतो. ती सूज दाबायला स्टेरॉइड. तुमच्या बहिणीसारख्यांना द्यावं की नाही, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. मी देतेय. काट्याने काटा काढायचा, दुसरं काय!” मग जाता जाता त्या म्हणाल्या, “भूक वाढेल, झोप उडेल. चिडतील, खूप बोलतील. ऐकून घ्या थोडं.”

खूप बोलतील. दुपारभर ती त्या दोन शब्दांपाशी बसून राहिली. बाटलीतून थेंब पडत होते, दुसऱ्या हाताला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन झालं होतं, आणि यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा चौऱ्याऐंशीवर अडून होता. ताईला प्रश्नच कळला नसेल... अंगात प्राणवायू कमी, माणूस कशालाही मान हलवतं. नाहीतर ऐकूच आलं नसेल. एकीकडे तिला हायसं वाटत होतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच किळस येत होती, आणि किळस आली तरी ते थांबत नव्हतं. बहिणीचा जीव वाचवणारी माहिती अखेर दिली ना मी? दिली. कुणाच्या नावावर दिली ते औषधाला काय कळतंय?

चारच्या सुमाराला आकडा अठ्ठ्याऐंशी झाला. ‘चढतंय,’ म्हणून नर्स पलीकडच्या पेशंटकडे वळली. तेवढ्यात ताईने बोटाने खूण केली – जवळ ये – आणि स्वतःच्या हाताने मास्क उचलला.

“डबा...” श्वास. “आरपार दिसतो... गं.”

“ताई, बोलू नकोस.”

“तीन खणांत... एकेक कमी. मी... रोज मोजायचे.” मास्क खाली आला, दोन-तीन श्वास झाले, पुन्हा वर गेला. “म्हटलं... बघू, कधी सांगतेस.” ताईच्या ओठांना निळसर रंग होता, आणि ते किंचित ताणले गेले होते, हसू होतं की धाप, सांगता येत नव्हतं. “सांगितलंस... तेही खोटं.”

मग मास्क नीट बसवून ताईने तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं. नव्या मुलीकडून पहिल्याच दिवशी चूक झाली की थोपटावं, तसं. आणि डोळे मिटून घेतले.

सगळं माहीत होतं. सहा आठवडे, सोमवार, बुधवार, शुक्रवार, ताई घोट घेत होती आणि पेल्यावरून तिच्याकडे बघत होती, आणि ती समजत होती की... ‘फक्त खबरदारीची’ हे ताईनेही धरून ठेवलं असणार, तिच्याएवढंच. नाहीतर कोण असा स्वतःचा जीव टांगतो, धाकट्या बहिणीला पकडण्यासाठी? पण ताई टांगेल. ताई टांगेल आणि वर मान हलवून सोडूनही देईल, म्हणजे मग घरी गेल्यावर पुढची दहा वर्षं, वीस वर्षं, एक शब्द न बोलता, नुसती डब्याकडे बघून... त्या घरात माझं म्हणून एवढं एकच होतं, आणि तेही ताईने आधीच मोजून ठेवलेलं होतं.

“रडू नका हो,” नर्स परत येत म्हणाली. “नव्वद झालं बघा! औषध लागू पडतंय. आता यांना झोप येणार नाही, कुणीतरी सोबत बसायला हवं.”

“मी बसते,” ती म्हणाली.

गाल ओला होता, तो तिने पदराने पुसला. ताई मरावी असं तिला कधीच वाटलं नव्हतं. ती गोळी बाजूला ठेवतानाही नाही, खोकला सुरू झाला तेव्हाही नाही, परवा ‘हो’ म्हणतानाही नाही. ताईला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि आता, ताईची छाती जरा सावकाश हलायला लागली असताना, तो विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, अगदी स्वच्छ, आणि ती बसून राहिली तरी तो गेला नाही.