उजेड अडवणारी घोंगडी

मित्रांनो, मी टोचते, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी काळी घोंगडी आहे, अस्सल मेंढीच्या लोकरीची. मऊ दुलयांशी माझं कधी पटलं नाही. सोनारीजवळच्या वाडीत मला विणलं, चिंचोक्याची खळ पाजली, तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ होते.

माझा धनी बिराप्पा. मेंढरं राखायचा. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत गेला आणि मला खांद्यावर टाकून मुंबई बंदरात जहाजावर चढला. सरकारी कांबळं मिळालं, तरी त्यानं मला सोडलं नाही. याचा मला अजून अभिमान वाटतो.

फौजेनं भरलेली बरीच जहाजं एकत्र निघाली होती. पाण्याखाली शत्रूच्या पाणबुड्या, म्हणून भोवती लहान लढाऊ जहाजं फिरत. येरमाळ्याचा गुलाब नावाचा जवान फार भ्यायला होता. बिराप्पा त्याला म्हणाला, "आरं, ह्यो कळपच हाय. ती बारकी जहाजं म्हंजी राखणीची कुत्री. लंगड्या मेंढीच्या चालीनं समदी चालत्यात, कुणाला मागं टाकत न्हाईत."

पुढे गुलाबच्याच पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर तो वाचणार नव्हता. दिवस मावळला होता. एका खिडकीतला उजेड दिसला तरी पाणबुड्यांना सगळ्या जहाजांचा पत्ता लागला असता, आणि जहाजावरच्या दवाखान्याच्या खिडकीची झडप नेमकी मोडलेली! सरकारी कांबळं लावून पाहिलं, तर त्यातून उजेड झिरपू लागला. कप्तानानं दिवा विझवायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग हा पोरगा गेलाच समजा.

बिराप्पानं माझी दुहेरी घडी केली आणि खिडकीवर दाबून धरली. "आता बघा भाईरनं!"

एक कोकणी खलाशी कठड्यावरून वाकून पाहून आला. "कायच दिसत नाय!"

मित्रांनो, मी उजेडाचा एक कणही बाहेर जाऊ दिला नाही. शस्त्रक्रिया संपेपर्यंत बिराप्पानं हात खाली घेतले नाहीत. गुलाब वाचला. सगळी जहाजं किनाऱ्याला लागली. आम्हा दोघांना कुणी पदक दिलं नाही, पण माझा तोरा तेव्हापासूनचा आहे.

पुढे बिराप्पा म्हातारा होऊन गेला. त्याचा नातू कृष्णराज गुणी आहे, पण त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मला विहिरीवरच्या मोटारीवर झाकायला टाकलं. उंदरांनी कुरतडलं, कसर लागली. एकदा शेतातला कचरा पेटवायचा म्हणून त्यानं मलाही त्याच ढिगावर फेकलं.

त्याच दिवशी गुलाबची नात पौर्णिमा, आजोबांकडून माझी गोष्ट ऐकलेली, विचारत विचारत शेतात आली. "दादा, तुमच्या आजोबांची घोंगडी हाय का अजून?"

कृष्णराजनं मला ढिगातून ओढून काढलं. "हीच आसंल. पार चाळण झाली बघा ताई. जाळणारच होतो."

पौर्णिमानं मला उन्हाकडे धरलं. जागोजागी उजेड आरपार आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र मला गालाला लावलं. मी टोचले, तरी तिनं बाजूला केलं नाही. मग तिनं कृष्णराजला जहाजावरच्या त्या रात्रीची सगळी हकिकत सांगितली.

"तवा हिच्यातनं उजेड भाईर गेला न्हाय," ती म्हणाली, "म्हणून माझे वडील जल्मले."

कृष्णराजनं काडेपेटी खिशात घातली. आता तो मला वेळोवेळी ऊन दाखवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी जीव राखलेली एखादी वस्तू अडगळीत पडली असेल. ती फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दल विचारा. ती माणसं आहेत तोवरच विचारा.