दुसरा आलेख

१९८७ साली माझी नणंद आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि मी तिथल्याच ग्रंथालयात होते. घरात वन्सं, कॉलेजात मॅडम. माझ्या जिभेची दिवसभर तारांबळ.

त्या वर्षी एक संस्था मुलींसाठी वसतिगृह बांधून द्यायला तयार झाली. अट एकच: कॉलेज सगळ्या थरांतल्या मुलांना सामावून घेतं, याचा पुरावा द्या. तो मांडायचं काम वन्संकडे आलं.

खाणीवरच्या वस्तीतली एक मुलगी तेव्हा पहिल्या वर्षाला होती. वाचलेलं सगळं टिपून घ्यायची, म्हणून आम्ही तिला टिपकागद म्हणायचो. प्रयोगशाळा सुटेपर्यंत तिची शेवटची बस निघून जाई. वस्तीतल्या आधीच्या मुलींनी त्यापायीच कॉलेज सोडलं होतं. वसतिगृह झालं तरच ही टिकणार होती.

वन्संनी दोन आलेख काढले. एक गरीब वस्त्यांतल्या मुलींच्या प्रवेशाचा, एक त्यांच्या गळतीचा. दोन्ही चढते. दुसरा बघून प्राचार्य म्हणाले, "मॅडम, घर दाखवताना कोणी गळकं छप्पर दाखवतं का?"

वन्सं धुसफुसत घरी आल्या. "वहिनी, प्रवेश वाढलेत हे खोटं तर नाही ना?"

"खरं आहे. अर्धं."

"आणि पुरतं खरं सांगून वसतिगृह हातचं गेलं तर? तुमच्या टिपकागदाला ठेवाल पुस्तकांच्या कपाटात?"

मी ताटं मांडायला घेतली.

संस्थेचे पाहुणे आले. वन्संनी पहिला आलेख असा काही समजावला की टाळ्या पडल्या. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्याकडे मुली वसतिगृहावाचूनच येताहेत की! मग जिथे येतच नाहीत, तिथे ते बांधायला हवं." वन्संनी दुसऱ्या आलेखासाठी पिशवीत हात घातला. तोवर प्राचार्य आभार मानायला उभे राहिले. हात पिशवीतच राहिला.

वसतिगृह दुसऱ्या गावी झालं. टिपकागदाला मी आमच्याकडे राहा म्हटलं, पण तिच्या वडिलांनी हात जोडले. "परक्याच्या घरी नको, बाई." वर्ष संपलं तशी ती गेली.

प्राचार्य मोठ्या पदावर चढले आणि सत्कार घेत घेत म्हातारे होऊन वारले. टिपकागद खाणीच्या दवाखान्यात आया झाली असं ऐकलं. पुस्तक मागायला काही पुन्हा आली नाही. वन्सं निवृत्त होईपर्यंत वर्गात सांगत, "आले किती हे कोणीही सांगेल. गेले किती ते विचारा." गेल्या वर्षी त्याही गेल्या. मला वहिनी म्हणणारं आता कोणी उरलं नाही.