दोन धुराड्यांच्या गावातला मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो. बल्गेरियातल्या एका डोंगरगावात ल्यूबेनच्या वडिलांनी मला हलक्या लाकडातून कोरले, वर बोकडाचे कातडे चढवले आणि दोन शिंगे बसवली. दिसायला मी महाभयंकर. पण माझा मान त्यामुळेच होता. हिवाळा सरता सरता गावातली तरणी पोरे आम्हा मुखवट्यांना तोंडावर चढवत, कमरेला घंटा बांधत आणि दारोदार नाचून इडापिडा पळवून लावत. घरधनीण त्यांना पीठ, अंडी, वाइन देई. नियम दोनच. आतल्याने बोलायचे नाही आणि ओळखले तरी कुणी त्याचे नाव घ्यायचे नाही.

पुढे पोरे पोटापाण्यासाठी परदेशी गेली. माझे सोबती काही विकले गेले, काही चुलीत गेले. मी माळ्यावर पडून राहिलो. कसरीने माझा एक कान खाल्ला. सण यायचा, जायचा. मला खाली कुणी काढत नसे. एकटेपणा काय असतो ते मला विचारा.

आता गावात दोनच धुराड्यांतून धूर निघतो, म्हाताऱ्या ल्यूबेनच्या आणि वरच्या आळीतल्या विधवा पेनकाच्या. यंदा ल्यूबेनला त्याचा मुलगा कायमचा शहरात नेणार होता. बोचकी बांधून झाली. त्यांत मी नव्हतो. निघायच्या आदल्या दिवशीच सण आला. सकाळी ल्यूबेनच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने मला झटकून तोंडावर चढवले, घंटा बांधल्या आणि कुलूप लागलेल्या एकेका दारापुढे तो नाचला.

पेनकाच्या अंगणात पोचेपर्यंत त्याला धाप लागली आणि तो लंगडू लागला. ती दारात आली. मुखवट्याआड कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण तिने नियम मोडला नाही.

"कुठल्या गावचा रे तू, पाहुण्या? आमच्याकडचे नाचणारे असे लंगडत नाहीत."

ल्यूबेनने नुसत्या घंटा हलवल्या.

"आलाच आहेस तर एक निरोप ने. खाली ल्यूबेन नावाचा हट्टी म्हातारा राहतो. उद्या चाललाय म्हणे. त्याच्या तोंडावर मला बोलवत नाही. त्याला सांग, सकाळी उठले की मी आधी त्याच्या धुराड्याकडे बघते. मग माझी चूल पेटवते."

तिने त्याच्या झोळीत पीठ घातले आणि ती आत गेली. घामाने मी पुष्कळदा भिजलो होतो. आसवांनी त्या दिवशी पहिल्यांदा भिजलो.

दुसऱ्या दिवशी मुलगा यायच्या आधीच ल्यूबेनने चूल पेटवली. भरपूर धूर व्हावा म्हणून मुद्दाम ओली लाकडे घातली. मुलगा चिडला, मग त्याने बोचकी सोडून ठेवली आणि तो एकटाच परत गेला.

मला आता चुलीजवळची खुंटी मिळाली आहे. गावात तिसरे धुराडे काही पेटत नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादे जुने तोंड पडले असेल तर त्याला खाली काढा. आणि ज्याच्या धुराड्याकडे तुम्ही रोज बघता, त्याला ते वेळेवर सांगा.