केशर झाडाखाली उभी राहते तेव्हा

"मयूरा, तुझी ही कोल्ही सोमवारपर्यंत गप्प झाली नाही, तर मी सरळ कौन्सिलला फोन करणार," शेजारचे दीनानाथकाका कुंपणावरून म्हणाले. "दुपारी डोळा लागला की हिचं सुरू!"

कोल्ही म्हणजे आमची केशर. फिनिश स्पिट्झ जातीची कुत्री, तांबूस सोनेरी, टोकदार कानांची. लॉकडाऊनच्या चौथ्या महिन्यात आमची तीन वर्षांची रुचा बोलेनाशी झाली. नुसती खिडकीशी बसायची. मी घाबरून गूगल करत सुटले आणि शेवटी केशरला आणलं. आता रुचा दिवसभर तिच्याशी बडबडते. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, केशरला परत करायला लावलं तर?

खरं तर चूक आमचीच. फोटो बघून भाळलो. 'फार भुंकते' असं लिहिलं होतं, ते माझ्या नवऱ्याने, यतिनने, 'सावध राखणदार' असं वाचून दाखवलं. आणि ती मागच्या अंगणातल्या झाडाखाली भुंकायला लागली की मी बिस्कीट घेऊन धावायचे, "शू! शू!" करत.

जिच्याकडून केशर आणली त्या आइनोला फोन लावला. ती पोट धरून हसली.

"अगं, पक्ष्यांच्या शिकारीचं कुत्रं आहे ते. पक्षी झाडावर दिसला की खाली उभं राहून एका लयीत भुंकायचं. पक्षी त्याच्याकडे बघत बसतो, तेवढ्यात शिकारी पोचतो. तू रोज धावत जातेस, वर बक्षीसही देतेस! केशरच्या मते तू एकदम उत्तम शिकारी आहेस."

मी! जिने जन्मात झुरळ मारलं नाही.

शनिवारी काका पुन्हा कुंपणाशी आले, पण चेहरा पार उतरलेला. पिंजरा साफ करताना त्यांचा पिवळ्या तुऱ्याचा कॉकटील पोपट, बंडू, उडून गेला होता. काका फेब्रुवारीत पुण्याहून इथे परदेशात मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. मुलगा सिद्धार्थ हॉस्पिटलच्या शिफ्टला. दिवसभर काकांशी बोलणारा बंडूच.

यतिन मीटिंगमध्ये होता. मी रुचाचं बोट धरलं, केशरला दोरी लावली आणि काकांबरोबर ओढ्याकाठी निघाले. मास्क, दीड मीटर अंतर, घराबाहेर एकच तास, लॉकडाऊनचे सगळे नियम मनात मोजत.

अर्ध्या तासाने एका उंच निलगिरीखाली केशर थबकली. मान वर, शेपूट डोलते आहे, आणि सुरू झालं भुंकणं. रस्त्यापलीकडून दोघं वळून बघायला लागले. माझा हात सवयीने दोरी ओढायला गेला.

"अगं, गप्प कर तिला! उडेल ना तो!" काका कळवळले.

"काका, थांबा. जरा ऐका माझं."

मी दोरी सैल सोडली. "भुंक, केशर. भुंक!"

"बार्क, केशर, बार्क!" रुचा टाळ्या पिटत ओरडली.

वरच्या फांदीवर पिवळा तुरा हलला. बंडू मान वाकडी करून केशरकडे टक लावून बघत होता. जणू नाटकाला पुढच्या रांगेत बसलाय. काकांनी शीळ घातली, पण मास्कमधून नुसतं फुस्स.

"मास्क काढा ना!" मीच म्हणाले, आणि रुचाला घेऊन चार पावलं मागे सरले.

काकांनी शीळ घातली. बंडू एक फांदी खाली आला. मग आणखी एक. मग थेट काकांच्या कानटोपीवर. त्याच क्षणी केशर गप्प झाली आणि खाली बसली, काम संपल्यासारखी.

काका बंडूला स्वेटरच्या आत धरून वाकले आणि केशरच्या डोक्यावर हात ठेवला.

"हुशार आहे गं पोरगी. दुपारी बसल्या बसल्या कंटाळत असेल. उद्यापासून जेवणाआधी मीच हिला फिरवून आणतो. दमली की झोपेल, मीही झोपेन."

"आणि कौन्सिल?"

"कोण कौन्सिल?"

घरी आल्यावर यतिनने विचारलं, "सापडला?" मी उत्तर द्यायच्या आत रुचाने त्याच्या मांडीवर चढून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. भुंकण्यासकट.