चांदी किती खोल गेली

मिस्त्री लेथवर वाकले होते आणि पोरगी शेजारी श्वास रोखून उभी होती. तिच्या डॉक्टरेटची चार वर्षं त्या बोटभर तांब्याच्या तुकड्यावर टांगलेली. तुकड्याच्या तोंडावर चांदीचा पातळ लेप देऊन तिने तो महिनाभर भट्टीत ठेवला होता. उष्णतेने चांदी तांब्यात मुरते. किती मुरली ते पाहायचं, तर वरून केसाहून पातळ थर एकेक करून कातायचा, प्रत्येक थराचा कीस वेगळ्या पुडीत भरायचा आणि पुडीपुडीतली चांदी मोजायची. सांगायला सोपं हो, करताना नाकीनऊ येतात!

"काका, शिंक नाही ना येत?"

"तू गप्प बसलीस तर नाही येणार."

तिसऱ्या थराला मिस्त्रींचा हात थांबला. तुकड्याच्या कडेला नखाएवढी कोर अजून पांढुरकी होती. तिथे हत्यार लागलंच नव्हतं. तुकडा तिरका बसला होता. म्हणजे वरचं आणि खोलचं सगळं एकाच पुडीत! तुकडा बांधला की डायल लावून सरळपणा तपासायचा, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण यांना आपल्या नजरेची घमेंड! डायल कशाला, मी आहे ना, म्हणाले होते.

गप्प राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आकडे आले असते, चुकीचे का होईना. प्रबंध द्यायला पंधराच दिवस उरले होते. पण या पोरीवर त्यांचा जीव होता, आणि तिच्या प्रबंधात खोटा आकडा जावा हे त्यांच्याने सोसवेना. त्यांनी मशीन बंद केलं.

"पोरी, माती केली मी. डायल लावला नाही. तिरकं कातलंय सगळं."

ती मटकन स्टुलावर बसली. डोळे भरून आले, तिने ते बाहीने पुसले. मग उठून कपाटातून कागदात गुंडाळलेला दुसरा तुकडा घेऊन आली.

"हा जोडीचा. चांदी उडून जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडाला तोंड लावून तापवले होते. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, हा बाहेर संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कातून घे. काकांची नजर आता..." पुढचं तिने गिळलं.

मिस्त्रींना ते फार लागलं.

"खरंच आहे त्यांचं," ते म्हणाले. "पाठव बाहेर."

"यंत्राने मला सांगितलं असतं, तिरकं कातलं म्हणून?" पोरगी जवळजवळ ओरडलीच. "तुम्हीच कातायचं, काका. दुसऱ्या कुणाचा आकडा मी लिहिणार नाही."

मिस्त्रींनी तुकडा चढवला, डायल लावला, तीनदा फिरवून काटा पाहिला. मग तीस वर्षांत पहिल्यांदाच ते लेथपासून बाजूला सरकले.

"आता काटा तू बघ," ते म्हणाले.