निळ्या हॅबरफिल्डची नोंद

निळ्या हॅबरफिल्ड मंगळवारी सकाळी चहा पिता पिता गेला, आणि दुपारी त्याची बायको नोलीन माझ्या दारात येऊन म्हणाली, "प्रोफेसर, तू शिकलेला आहेस ना? मग मला नगरपरिषदेचा फोन नंबर शोधून दे."

आमच्या गिदगी क्रीकमध्ये माणसाला जे नसेल त्याचं नाव देतात. परिषदेच्या दुरुस्तीच्या गाडीवरचा लंबू माझ्या खांद्याला लागतो. खाटकाच्या डोक्यावर एक केस नाही, त्याला कुरळ्या म्हणतात. हॅबरफिल्डचे केस तरुणपणी गाजरासारखे लाल होते, म्हणून तो ब्लूई, म्हणजे निळ्या. लाल केसांचे असे निळे ऑस्ट्रेलियाच्या गावोगावी आहेत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. मला प्रोफेसर म्हणतात. यावरून काय ते समजा.

नोलीनचं काम साधं होतं. गावच्या दफनभूमीत, फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाला लागून, तिनं आणि निळ्यानं शेजारशेजारच्या दोन जागा केव्हाच राखून ठेवल्या होत्या. निळ्या गुडघे जाईपर्यंत गावच्या संघातून खेळला आणि मग आवाज जाईपर्यंत पोरांना शिकवत राहिला. गोलच्या मागे पडून राहावं, आणि चुकलेला चेंडू अधूनमधून अंगावर यावा, एवढीच त्याची परलोकाबद्दलची कल्पना होती. शनिवारी हॅलमटनविरुद्ध सामना होता. त्याच्या आधी सकाळी त्याला पुरायचं, असं नोलीननं ठरवलं.

अडचण हॅलमटनचीच होती. मध्यंतरी सरकारनं काटकसर म्हणून आमची परिषद हॅलमटनच्या परिषदेत विलीन केली. त्या काटकसरीतून हॅलमटनला नवी इमारत झाली. नव्या परिषदेचं बोधचिन्ह म्हणजे एक वळणदार रेघ, ती आमची नदी. आणि घोषवाक्य, 'एकत्र वाहू या'. नदी बऱ्याच वर्षांत वाहिलेली नाही, पण बोधचिन्ह काढणारे लोक सिडनीत बसतात, त्यांना ते कळायचं कारण नाही. याच परिषदेनं ठरवलं की गिदगीची दफनभूमी नव्या माणसांसाठी बंद. जुनी नोंद असेल त्यालाच आत जागा. बाकीच्यांनी हॅलमटनच्या स्मृती उद्यानात जावं.

"हॅलमटनमध्ये?" नोलीन म्हणाली. "त्यानं जन्मात कधी त्या गावात पेट्रोल भरलं नाही. एकदा टाकी तिथेच रिकामी झाली, तर गावाबाहेरपर्यंत गाडी ढकलत आणली. मी ढकलली, तो स्टिअरिंगवर होता. आणि आता त्याला कायमचा तिकडे टाकू?"

अंत्यविधीचं काम करणाऱ्या ग्वेंडानं तिला स्वच्छ सांगितलं होतं. परिषदेचा मंजुरी क्रमांक आण, मी शनिवारी खड्ड्याशी हजर. क्रमांक नसेल तर हॅलमटन.

आम्ही आधी जुन्या कार्यालयाकडे गेलो. मुख्य रस्त्यावरची ती इमारत अजून उभी आहे. दारावर पाटी होती: 'आपल्या अधिक जवळ येण्यासाठी हे कार्यालय बंद करण्यात आले आहे.' जुना फोन नंबर नोलीनला पाठ होता. तो लावला तर एका बाईनं अतिशय गोड आवाजात हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून सांगितलं. नोलीन म्हणाली, "बघ, निदान माणसाचा आवाज तरी आहे." मी तिला ती बाईही अस्तित्वात नाही हे सांगितलं नाही.

मग घरी येऊन मी संकेतस्थळ उघडलं. 'संपर्क' या पानावर कानाला हेडफोन लावलेली एक हसरी तरुणी होती, खाली 'आम्ही ऐकत आहोत' असं लिहिलं होतं, आणि नंबर कुठेच नव्हता. कोपऱ्यातून पिप नावाचा चित्रातला एक कोआला, परिषदेचा मदतनीस, हात हलवत वर आला.

"त्याला विचार," नोलीन म्हणाली.

मी विचारलं, 'दफनभूमीच्या नोंदी कुठे मिळतील?' पिपनं लिहिलं, 'छान प्रश्न! तुमची कचराकुंडी कोणत्या रंगाची आहे?'

"पुन्हा विचार. सोप्या शब्दांत विचार. त्याचं शिक्षण झालेलं दिसत नाही."

पुन्हा विचारलं. पिपनं विषय निवडायला सांगितलं. विषय होते कचरा, कुत्री, झाडं, खड्डे आणि इतर. 'इतर'वर बोट ठेवलं की 'लवकरच येत आहे' असं यायचं. माणसाचं मरण परिषदेनं अजून विचारात घेतलेलं नव्हतं. शेवटी मी शोधाच्या चौकटीत नुसतं 'मृत' लिहिलं. लगेच एक अर्ज उघडला: 'मृत प्राणी उचलणे'.

"हे आपलं नाही," मी म्हणालो.

"कोपऱ्यात लिहायला जागा आहे की नाही? तिथे सगळं खरं खरं लिही. वाचणारा माणूसच असेल ना? वाचेल."

प्राणी रस्त्यावर आहे की खाजगी आवारात, असा पहिला प्रश्न होता. दुसरा आकाराचा: ससा, कांगारू की गाय?

नोलीननं थोडा विचार केला. "कांगारू लिही. गाईएवढा नव्हता तो. ख्रिसमसनंतरचे दिवस सोडले तर."

कोपऱ्यात मी निळ्याचं नाव, कुंपणाकडची जागा, शनिवार, सगळं नीट परिच्छेद पाडून लिहिलं. इतिहासाच्या माणसाला परिच्छेद पाडल्याशिवाय राहवत नाही.

या परिषदेनं एवढ्या तत्परतेनं कधी कुठलं काम केल्याचं मला आठवत नाही. आमचा दुसरा चहा संपायच्या आत लंबू गाडी घेऊन नोलीनच्या फाटकाशी हजर. मागच्या हौद्यात फावडं, दोर आणि हिरवी ताडपत्री.

"मिसेस एच," तो टोपी मागे सारत म्हणाला. निळ्याकडे खेळ शिकलेली सगळी पोरं नोलीनला मिसेस एचच म्हणतात, त्यांची स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी. "तुमच्याकडे कांगारू मेलाय म्हणे?"

"कांगारू नाही रे. निळ्या."

लंबूनं टोपी काढली. बराच वेळ तो टोपीच्या आत बघत राहिला.

"मिसेस एच," तो शेवटी म्हणाला, "मी ताडपत्री आणलीय हो."

"असू दे. तो ग्वेंडाकडे आहे. तू अर्ज वाचला नाहीस का? प्रोफेसरनं किती लिहिलंय त्यात."

"आम्हाला फक्त आकार दिसतो," लंबू म्हणाला, आणि त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आता मला 'प्राणी सापडला नाही' असं टाकून काम बंद करावं लागेल. नाहीतर उद्या पुन्हा पाठवतात."

नोलीननं त्याच्यापुढे चहा ठेवला. "लंबू, तुला कामं कोण देतं?"

"हा मोबाईल."

"आणि मोबाईलनं घोळ घातला तर?"

"तर फिलिपाला फोन करतो. हॅलमटनला."

मी आणि नोलीन दोघंही उभे राहिलो. "तुझ्याकडे नंबर आहे?" मी विचारलं.

"आहे. पण कुणाला द्यायला बंदी आहे. म्हणतात, दिला तर लोक फोन करतील."

"देऊ नकोस," नोलीन म्हणाली. "तू लाव आणि माझ्या हातात दे."

फिलिपा स्ट्रँड ही परिषदेची ग्राहक अनुभव व्यवस्थापक होती. नोलीननं आपलं नाव सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"हॅलो नोलीन! संपर्क साधल्याबद्दल मनापासून आभार. आजचा तुमचा अनुभव कसा आहे?"

"नवरा वारला."

"अरेरे. मी तशी नोंद करते हं. नाव सांगता?"

नोलीननं आमच्याकडे पाठ केली आणि हळू आवाजात सांगितलं, "लॅन्सलॉट सिरिल हॅबरफिल्ड."

"लॅन्सलॉट?" लंबू ओरडला.

"ओरडू नकोस. जन्मभर लपवलं त्यानं ते."

लॅन्सलॉट सिरिलची नोंद नव्हती. "मग ब्लूई बघा," नोलीन म्हणाली. फिलिपानं पाहिलं आणि निळ्या झाकणाची कचराकुंडी हवी आहे का, असं विचारलं.

"बाई, कुंपणाकडची शेवटची जागा कुणाची लिहिलीय, एवढं बघा."

कीबोर्ड बडवल्याचे आवाज आले. "तिथे कुणी नाहीये, नोलीन. तिथे हायड्रंट आहे. आगीच्या बंबाला पाणी देतो ना, तो नळ. स्पष्ट लिहिलंय, ब्लू एच. निळी खूण आणि एच, सगळ्या रस्त्यांवर असतं तसं."

आम्हा तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. दफनभूमीच्या जुन्या सचिवानं निळ्याचं नाव त्याला माहीत होतं तसं लिहिलं होतं: ब्लू, आणि हॅबरफिल्डचा एच. वेगळं लिहायचं कारण काय? गावात निळ्या एकच. पुढे सल्लागारांनी त्या वह्या संगणकावर चढवल्या, आणि निळ्याचा नळ झाला.

"फिलिपा," नोलीन म्हणाली, "तो हायड्रंट माझा नवरा आहे."

"मी ऐकतेय, नोलीन."

"तिथे नळ नाही, नुसतं गवत आहे. येऊन बघ."

"नकाशावर तर आहे. नोंद बदलायची असेल तर तसा ठराव पुढच्या महिन्याच्या बैठकीत येऊ शकतो. तोपर्यंत स्मृती उद्यानात सुंदर जागा आहेत."

इथे मी मध्ये पडलो. सार्वजनिक नोंदी या जनतेच्या मालकीच्या असतात, त्या पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा नागरिकाला हक्क आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. मला वाटतं मी चांगलं बोललो. फिलिपानं माझे आभार मानले आणि एक दुवा पाठवला. तो उघडला तर कोपऱ्यातून पिप वर आला.

"प्रोफेसर, तू बिस्कीट खा," नोलीन म्हणाली. मग ती फोनकडे वळली. आवाज एकदम कामाचा. "फिलिपा, तो हायड्रंट बंद पडलाय."

"काय?"

"आज सकाळी. चांगला चालला होता, एकाएकी बंद. हलवून पाहिला, काही उपयोग नाही."

फिलिपाचा सूर पहिल्यांदाच बदलला. "नोलीन, उन्हाळा तोंडावर आलाय. वणवा लागला तर? हे आधी का नाही सांगितलंत?"

"तेच सांगायला दुपारपासून नंबर शोधतेय."

"लंबू तिथेच आहे ना? लंबू, तातडीची खोदाई. शनिवारपर्यंत होईल? किती खोल?"

लंबूनं नोलीनकडे पाहिलं. "सहा फूट," तो म्हणाला.

"हायड्रंटला सहा फूट?"

"जुना आहे. आडवा बसवलाय," लंबू म्हणाला.

मोबाईल टुणकन वाजला. मंजुरी क्रमांक आला होता.

ग्वेंडानं तो उतरवून घेतला. मी जरा घाबरत घाबरत विचारलं की चालेल ना. ती म्हणाली, "माझ्या कागदावर 'परिषदेचा मंजुरी क्रमांक' एवढंच लिहिलंय. कसली मंजुरी ते विचारलेलं नाही, आणि मीही कुणाला विचारणार नाही."

शनिवारी सकाळी निळ्याला कुंपणाशी पुरलं. खड्ड्याभोवती नारिंगी शंकू होते आणि नियमाप्रमाणे लंबूनं पाटी लावली होती: 'काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाद्र्यानं ती दोनदा वाचली आणि आपलं भाषण आखडतं घेतलं. दुपारी हॅलमटननं आम्हाला धुतलं. पण शेवटी शेवटी आमच्या एका पोरानं मारलेला चेंडू गोल चुकवून कुंपणावरून गेला आणि नव्या मातीवर जाऊन पडला. लंबू तिथेच उभा होता. पंच शिट्ट्या वाजवत होता, पण लंबूनं चेंडू परत टाकायला बराच वेळ घेतला.

सोमवारी लंबूला काम बंद करायचं होतं. मोबाईलवर तीन पर्याय होते: दुरुस्त झाले, बदलले, दुरुस्तीपलीकडे. तो विचारायला नोलीनकडे आला. तिनं स्वतःच तिसऱ्यावर बोट ठेवलं. त्याच संध्याकाळी परिषदेनं तिला आपला अनुभव पाच ताऱ्यांत मोजायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसलो असताना फोन वाजला. नंबर दिसत नव्हता.

"नोलीन, फिलिपा बोलतेय. त्या हायड्रंटच्या शेजारी आणखी एक नोंद सापडलीय. एम, आर, एस, एच. आमचे सल्लागार म्हणतात, तो मुख्य राखीव साठ्याचा हायड्रंट असावा. तो चालू आहे का, काही कल्पना?"

एम, आर, एस म्हणजे मिसेस, हे कळायला मला चहाचा घोट गिळावा लागला. नोलीनला लागला नाही.

"चालू आहे," ती म्हणाली. "जरा गळतो अधूनमधून, पण चालू आहे. खोदायची वेळ आली की लंबू कळवेल. नाहीतर असं कर ना, तुझा नंबरच देऊन ठेव."

"नंबर देता येत नाही, नोलीन. पण आमच्या वेबसाइटवर सगळी..."

"ठाऊक आहे गं," नोलीन म्हणाली. "कांगारू."